यामाओका तेस्शू : तलवार न उपसता युद्ध थांबवणारा योद्धा

आपल्या वस्त्यांमधल्या काही विहारांत आता सकाळी ध्यानाचा वर्ग असतो आणि संध्याकाळी त्याच सभागृहात कराटे किंवा तायक्वांदोचा. दोन्हीकडे येणारी मुले मात्र बहुतेक वेळा वेगवेगळी असतात. ध्यानाला बसणाऱ्यांना वाटते की बुद्धाच्या माणसाला हाणामारीचे शिक्षण कशाला हवे. कराटे शिकणाऱ्यांना वाटते की डोळे मिटून बसल्याने अत्याचार थांबत नाहीत. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि कार्यकर्ता म्हणून आम्हाला ते टाळता येत नाहीत.

या विषयावर बोलताना आपल्याकडे लगेच बोधिधम्माचे नाव येते. भारतातून चीनला गेलेल्या या भिक्खूने शाओलिनच्या भिक्खूंना युद्धकला शिकवली, असे आपण चित्रपटांतून आणि मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरातून ऐकतो. इतिहास तपासला तर ही कथा बरीच उशिरा आलेली दिसते. तिचा उगम १६२४ सालच्या एका चिनी ग्रंथात आहे, म्हणजे बोधिधम्मानंतर सुमारे ११०० वर्षांनी. बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घ्यायला शिकवले आहे. म्हणून आम्ही येथे अशा एका माणसाचे आयुष्य मांडत आहोत, ज्याची नोंद इतिहासात पक्की आहे. १९व्या शतकातल्या जपानमधला हा तलवारबाज, झेन साधक आणि सुलेखनकार म्हणजे यामाओका तेस्शू.

झेन हा शब्द आपल्याला परका नाही. पालीतल्या 'झान' या शब्दाचा चीनमध्ये 'छान' झाला आणि जपानमध्ये 'झेन'. मूळ अर्थ ध्यान.

पोरकेपण आणि पाच भाऊ

तेस्शू यांचा जन्म १८३६ मध्ये एदो शहरात झाला. एदो म्हणजे आजचे टोकियो. जन्माचे नाव ओनो तेत्सुतारो. वडील शोगुनच्या सेवेतले मानाचे सामुराई होते. तेव्हा जपानमध्ये सम्राट नावापुरता होता आणि खरी सत्ता तोकुगावा घराण्यातल्या शोगुनकडे, म्हणजे सर्वोच्च लष्करी शासकाकडे होती. तेस्शू नऊ वर्षांचे असताना वडिलांची बदली हिदा प्रांतातल्या ताकायामा येथे प्रशासक म्हणून झाली. या डोंगराळ गावात त्यांचे तलवारीचे, सुलेखनाचे आणि ध्यानाचे शिक्षण झाले. त्यांना शिकवण्यासाठी वडिलांनी एदोहून तलवारीचे शिक्षक बोलावले होते.

१८५१ मध्ये आई गेली, पुढच्याच वर्षी वडील गेले. सोळा वर्षांच्या मुलावर पाच धाकट्या भावांची जबाबदारी आली. सर्वांत धाकटा अगदी तान्हा होता. तेस्शू सगळ्यांना घेऊन एदोला परतले. वडिलांनी मागे ठेवलेल्या पैशांतला मोठा वाटा त्यांनी भावांच्या नावे केला आणि त्यांना चांगल्या घरांत दत्तक दिले. स्वतःकडे फारसे काही ठेवले नाही.

पुढे ते यामाओका सेइझान या भालाफेकीत नव्हे, तर भाल्याने लढण्यात निपुण असलेल्या गुरूकडे शिकू लागले. सेइझान तरुणपणीच वारले. तेस्शू यांनी त्यांच्या बहिणीशी लग्न केले आणि जपानी रीतीप्रमाणे त्या घराण्यात दत्तक जाऊन यामाओका हे आडनाव घेतले. संसार अत्यंत गरिबीत चालला. घरातल्या चटयासुद्धा विकाव्या लागल्या, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आखाड्यात लोक त्यांना राक्षस तेत्सु म्हणत आणि रस्त्यावर फाटका तेत्सु.

राग कुठून आला?

तरुण तेस्शू आपल्याला ओळखीचे वाटतील. अंगाने धिप्पाड, उंची सहा फुटांहून अधिक, डोक्यात राजकारण आणि हातात तलवार. परकीयांना देशाबाहेर हाकला म्हणणाऱ्या जहाल तरुणांच्या गटात ते वावरत होते. १८६३ मध्ये त्यांचा जवळचा सहकारी कियोकावा हाचिरो याची हत्या झाली आणि तेस्शू यांनाही घरात स्थानबद्ध राहण्याची शिक्षा भोगावी लागली.

याच काळातली म्हणून एक गोष्ट झेन परंपरेत सांगितली जाते. दोकुओन नावाच्या गुरूसमोर बसून तेस्शू आपले ज्ञान मांडू लागले. सगळे शून्य आहे, मन नाही, बुद्ध नाही, देणारा नाही आणि घेणाराही नाही, असे बरेच काही ते बोलले. दोकुओन शांतपणे चिलीम ओढत होते. अचानक त्यांनी तीच चिलीम तेस्शूंच्या डोक्यावर हाणली. तेस्शू संतापून उठले. तेव्हा गुरूंनी एवढेच विचारले की सगळे शून्य असेल तर हा राग आला कुठून.

आम्हाला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण आपल्यातही शब्दांचे ज्ञान खूप आहे. अनित्य, अनात्म, प्रतीत्यसमुत्पाद यांवर आपण तासभर भाषण करू शकतो. पण कोणी सभेत अपमान केला, संघटनेतल्या सहकाऱ्याने विरोधात मत दिले, की आपला तोल किती वेळ टिकतो? तेस्शू यांना त्या एका फटक्यातून कळले की त्यांचे ज्ञान अजून शरीरात उतरलेले नाही.

सतरा वर्षे सोबत राहिलेला प्रतिस्पर्धी

१८६३ मध्येच त्यांची गाठ आसारी योशिआकी या तलवारबाजाशी पडली. आसारी वयाने मोठे आणि देहाने लहान होते. सामना बराच वेळ चालला. शेवटी तेस्शू यांनी अंगाच्या जोरावर त्यांना खाली पाडले आणि आपण जिंकलो असे मानले. आसारी म्हणाले की पडता पडता आपला वार तेस्शूंच्या छातीवर बसला आहे. तेस्शूंना पटेना. चिलखत काढून पाहिले तर त्यातल्या बांबूच्या तीन पट्ट्या तुटलेल्या होत्या.

तेस्शू यांनी हार मान्य केली आणि आसारींचेच शिष्यत्व पत्करले. पण खरा संघर्ष पुढे सुरू झाला. आसारी तलवार धरून शांतपणे पुढे येत आणि तेस्शू मागे सरत सरत भिंतीला टेकत. एकदा तर ते थेट दाराबाहेर गेले आणि आसारींनी आतून दार लावून घेतले. इतरांशी लढताना त्यांना अडचण येत नसे. आसारींची नुसती आठवण आली तरी हात जड होत. रात्री ध्यानाला बसले की डोळ्यांसमोर आसारींची तलवार डोंगरासारखी उभी राही.

हे १७ वर्षे चालले. दिवसा तलवारीचा सराव आणि रात्री उशिरापर्यंत ध्यान हा क्रम त्यांनी सोडला नाही. राज्य बदलले, नोकरी बदलली, घर बदलले, पण सरावात खंड पडला नाही. क्योतोच्या तेनर्यू-जी विहाराचे गुरू तेकिसुइ यांनी त्यांना एक कोआन दिले. कोआन म्हणजे तर्काने न सुटणारे, ध्यानात धरून ठेवायचे कोडे. दोन योद्ध्यांच्या तलवारी एकमेकींना भिडल्या आहेत आणि मागे सरायला जागा नाही, अशा प्रसंगाबद्दलचे ते कोडे होते. तेस्शू यांनी त्यावर तीन वर्षे घालवली.

गाठ सुटली ती एका व्यापाऱ्याच्या बोलण्यातून. सुलेखन मागायला आलेल्या या माणसाने सहज सांगितले की नफ्यातोट्याची धास्ती मनात असली की त्याचे व्यवहार बिघडत, आणि ती सुटली तेव्हाच धंदा नीट करता आला. तेस्शू यांनी ही गोष्ट तलवारीला लावून पाहिली. काही दिवस आखाड्यात आणि ध्यानात तिचाच विचार केला. ३० मार्च १८८० रोजी पहाटे ध्यानात बसलेले असताना आसारींची ती प्रतिमा नाहीशी झाली. त्यानंतर ते आसारींसमोर तलवार धरून उभे राहिले, तेव्हा आसारींनी वार न करताच तलवार खाली ठेवली आणि शिष्य पोहोचल्याचे मान्य केले. तेकिसुइ यांनीही त्याच वर्षी त्यांच्या साधनेला मान्यता दिली.

आसारी तर आधीही तेच होते. बदलले ते तेस्शूंचे मन. समोरच्या माणसापेक्षा त्याच्याबद्दलची भीती मोठी झाली होती आणि ती १७ वर्षांच्या कामातून गेली. जन्माने, शाळेने, गावाने आपल्या मनात बसवलेल्या भीतीचेही असेच असते. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना आजोबांची मान खाली जात असे. नातू शिकला, शहरात आला, तरी मुलाखतीच्या खोलीत आडनाव विचारले की त्याचा घसा कोरडा पडतो. समोरच्याची सत्ता खरी असते, तिच्याशी लढावेच लागते. पण आपल्या आत बसलेली तिची प्रतिमा कोणत्याही कायद्याने निघत नाही. ती आपल्यालाच काढावी लागते.

मार्च १८६८ : शत्रूच्या छावणीतून चालत

आता थोडे मागे जाऊ. तेस्शूंची खरी परीक्षा साधना पूर्ण होण्याच्या १२ वर्षे आधीच झाली होती.

१८६८ मध्ये जपानमध्ये यादवी युद्ध पेटले. सम्राटाच्या बाजूच्या सैन्याने क्योतोजवळ शोगुनच्या फौजेचा पराभव केला. शोगुन तोकुगावा योशिनोबू एदोला परतले आणि शरण जाण्याच्या विचाराने विहारात जाऊन राहिले. सम्राटाची फौज एदोवर चालून निघाली. हल्ल्याचा दिवसही ठरला होता. एदो सुमारे १० लाख वस्तीचे, बहुतांशी लाकडी घरांचे शहर होते. तेथे लढाई झाली असती तर आगीत किती सामान्य माणसे जळाली असती याचा अंदाजच केलेला बरा.

शरणागतीचा निरोप शत्रूच्या सेनापतीपर्यंत पोहोचवायचा होता. या कामासाठी तेस्शूंचे मेहुणे ताकाहाशी देइशू यांनी तेस्शूंचे नाव सुचवले. शोगुनच्या बाजूचे मुत्सद्दी कात्सु काइशू यांची भेट घेऊन ते निघाले. सोबत सात्सुमा प्रांतातला एक माणूस होता. वाटेत सम्राटाचे बंदूकधारी सैन्य होते. लपतछपत जाण्याऐवजी तेस्शू यांनी मोठ्या आवाजात आपली ओळख सांगितली. आपण राजद्रोही ठरवलेल्या तोकुगावा योशिनोबूंचे सेवक असून सेनापतीच्या भेटीला जात आहोत, असे जाहीर करत ते सरळ छावणीतून चालत गेले. सैनिक चकित झाले आणि कोणी हात उचलला नाही.

सुनपु, म्हणजे आजच्या शिझुओका येथे ते सेनापती साइगो ताकामोरी यांना भेटले. साइगो यांनी अटी सांगितल्या. किल्ला, शस्त्रे आणि युद्धनौका ताब्यात द्यायच्या आणि योशिनोबूंना दुसऱ्या एका प्रांताच्या कैदेत पाठवायचे. बाकी अटी तेस्शू यांनी स्वीकारल्या, शेवटची नाकारली. साइगो यांनी दटावले तेव्हा त्यांनी साइगो यांनाच स्वतःला आपल्या जागी ठेवून पाहायला सांगितले. उद्या साइगोंचा स्वामी असाच अडचणीत आला तर ते त्याला शत्रूच्या हाती देतील काय, असा त्यांचा प्रश्न होता. साइगो विचारात पडले आणि ती अट त्यांनी आपल्यावर सोपवायला सांगितली. या भेटीने पाया घातला. काही दिवसांनी कात्सु आणि साइगो यांच्यात बोलणी झाली, हल्ला थांबला आणि एदोचा किल्ला लढाईशिवाय हस्तांतरित झाला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. शरणागती न मानणाऱ्या सामुराईंचा एक गट उएनोच्या टेकडीवर जमला होता. त्यांची समजूत घालण्यासाठीही तेस्शू गेले, पण त्यांना यश आले नाही. तेथे लढाई झाली आणि अनेक जण मारले गेले. मनाची तयारी एका माणसाची असते. समाज तयार करायला त्याहून अधिक काही लागते.

तेस्शू यांनी आयुष्यात एकाही माणसाचा जीव घेतला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांच्या काळातल्या तलवारबाजासाठी ही दुर्मीळ गोष्ट होती. आपल्याला येथे महाड आठवते. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर सनातन्यांनी आपल्या लोकांवर लाठ्या चालवल्या. बाबासाहेबांसोबत सैन्यात नोकरी केलेले अनेक धट्टेकट्टे लोक होते आणि ते इशाऱ्याची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. ज्याच्या हातात ताकदच नाही त्याच्या शांत राहण्याला लाचारी म्हटले जाते. ताकद असलेल्याने हात रोखला तर समोरच्याला विचार करावा लागतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा मांडताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. शस्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने हा फरक रोज तपासायला हवा.

शत्रूच्या प्रेतांना माती

त्याच वर्षी शिमिझु बंदरात शोगुनच्या बाजूच्या कानरिन मारू या जहाजावर हल्ला झाला. मारले गेलेल्यांची प्रेते समुद्रात तरंगत राहिली. नव्या सरकारच्या भीतीने कोणी हात लावेना. जिरोचो नावाच्या तिथल्या एका दांडगट टोळीप्रमुखाने ती बाहेर काढून दफन केली. जाब विचारला गेला तेव्हा त्याचे म्हणणे असे होते की मेल्यावर कोणी शत्रू राहत नाही. तेस्शू यांना हे इतके भावले की त्या कबरीवरची अक्षरे त्यांनी स्वतः लिहून दिली आणि जिरोचोशी त्यांचा स्नेह जुळला.

१८७२ पासून १० वर्षे त्यांनी तरुण सम्राट मेइजी यांच्या सेवेत काम केले. एकदा मद्य घेतलेल्या सम्राटाने त्यांना कुस्तीचे आव्हान दिले. तेस्शूंनी नकार दिला, सम्राट धावून आला, तेस्शू बाजूला झाले आणि सम्राट पडला. माफी मागावी असे दरबारी सांगत असताना त्यांनी उलट सम्राटाच्या वागण्यावर बोट ठेवले, असे सांगितले जाते.

त्यांच्या आखाड्याचे नाव शुनपुकान होते, म्हणजे वसंतवाऱ्याचे दालन. १३व्या शतकात मंगोल सैनिकांच्या तलवारीखाली शांत बसून राहिलेल्या एका चिनी झेन भिक्खूच्या कवितेवरून ते घेतले आहे. त्यांनी स्थापन केलेल्या पंथाचे नाव मुतो-र्यू, म्हणजे तलवारीविना तलवारबाजी. तिथला सराव मात्र कठोर होता. सुमारे १००० दिवस शिकल्यावर शिष्याला एका दिवसात २०० सामने खेळावे लागत. पुढची पायरी तीन दिवसांत ६०० आणि शेवटची सात दिवसांत १४०० सामन्यांची होती. अंगातली रग संपल्यावर जे उरते त्याची ती परीक्षा होती.

नव्या राजवटीत बौद्ध धर्मावर संकट आले होते. शिंतो देवस्थाने बौद्ध विहारांपासून वेगळी करण्याच्या आदेशानंतर देशभर विहार आणि मूर्ती फोडल्या गेल्या. अशा काळात तेस्शू यांनी सुलेखनातून मिळणारा पैसा विहारांच्या दुरुस्तीला दिला. १८८३ मध्ये त्यांनी टोकियोच्या यानाका भागात झेन्शो-आन हा विहार उभारला. सत्तांतराच्या धामधुमीत प्राण गमावलेल्यांची आठवण त्यामागे होती. १९ जुलै १८८८ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शेवटच्या घटकेला ते ध्यानासनात बसले होते. त्याच विहारात त्यांना पुरण्यात आले.

आपण काय घ्यावे, काय तपासावे

तेस्शूंची पूजा करण्याचे कारण नाही. ते वरच्या वर्गातले होते, त्यांच्या जगाची रचनाच जन्मावर आधारलेली होती. जपानमध्ये बुराकुमिन नावाचा समूह शतकानुशतके अस्पृश्यतेसारखा भेदभाव सोसत आला. १८७१ च्या फर्मानाने कायदा बदलला, मने बदलली नाहीत. अनेक बौद्ध विहारांनी तर या लोकांच्या मृतांना हिणवणारी मरणोत्तर नावे दिली. २०व्या शतकात झेनच्या कित्येक गुरूंनी जपानच्या आक्रमक युद्धांना आशीर्वाद दिले आणि सैनिकांना निर्भयपणे मारायला व मरायला शिकवले. सोतो या मोठ्या झेन पंथाने १९९२ मध्ये त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

म्हणजे ध्यानाने मन स्थिर होते आणि सरावाने शरीर निर्भय होते, पण ते स्थिर आणि निर्भय मन कोणाच्या बाजूने उभे राहील हे त्यातून ठरत नाही. ते शील आणि प्रज्ञा ठरवतात. बुद्धाने शील, समाधी आणि प्रज्ञा एकत्र सांगितली याचे कारण हेच आहे, आणि बाबासाहेबांनी करुणेवर इतका भर दिला त्याचेही.

आमच्यासारखे वस्तीत काम करणारे एक गोष्ट वारंवार पाहतात. अत्याचाराची बातमी येते, मोर्चा निघतो, कोणीतरी डिवचतो, एखादा दगड उचलला जातो आणि पन्नास पोरांवर गुन्हे दाखल होतात. काही वर्षांनी नोकरीच्या पोलीस पडताळणीत तेच नाव निघते. राग खोटा नव्हता, तो न्याय्यच होता. त्या अर्ध्या मिनिटात त्याला धरून ठेवण्याचा सराव मात्र कोणी करून घेतला नव्हता. दुसरीकडे एखादी मुलगी कराटे शिकते, तिची मान ताठ होते, छेड काढणाऱ्याच्या डोळ्यांत ती पाहते आणि हात उचलण्याची वेळच येत नाही.

म्हणून विहारातले दोन्ही वर्ग एकत्र यावेत असे आम्हाला वाटते. कराटेचा वर्ग पंचशील आणि दहा मिनिटांच्या आनापानाने सुरू व्हावा. ध्यानाला बसणाऱ्यांनी आठवड्यातून दोन दिवस तरी अंगमेहनत करावी, पडायला आणि उठायला शिकावे. समता सैनिक दलाच्या कवायतीला जाणाऱ्यांनी मोर्चात डिवचले गेल्यावर काय करायचे याचा आधीच सराव करावा. मुलींना या वर्गांत पहिली जागा मिळावी. शिकवणाऱ्याने महिन्यातून एकदा मुलांसोबत बसून गेल्या महिन्यात राग कुठे आला आणि आपण काय केले यावर बोलावे.

यासाठी मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते. तेस्शू यांना १७ वर्षे लागली होती. आपल्याला किती लागतील हे सुरुवात केल्यावरच कळेल.

नमो बुद्धाय, जय भीम.